पॉज कुठे करायचा?

भिवंडीत वर्गातल्या टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, हे शेजारचे पॉवरलूम ठरवतात. भिंतीपलीकडे पाळी चालू असली की रिमोटवरचा आकडा शंभरला नेला तरी पडद्यावरच्या बाईंचे प्रकाशसंश्लेषण मागच्या दोन बाकांपर्यंत पोचत नाही. मुलांची तक्रार नसते. कारागिरांच्या घरातली मुले ओठांवरून शब्द ओळखतात. बापाला कारखान्यात डबा द्यायला गेल्यावर तेच करावे लागते. पंचाईत अशी की ॲनिमेशनमधल्या बाईंचे ओठ शब्दांशी जुळत नाहीत, नुसती उघडझाप करतात.

असले पाठ बनवणारे काचेआडच्या शांत खोलीत आवाज भरतात. त्यांनी एकदा इथल्या गल्लीत बसून आपलाच पाठ बघावा. खाली त्याच भाषेतल्या ओळी उमटत राहिल्या तरी अर्धे काम होईल. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी कित्येक वर्षे हेच सांगत आले: चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवा, लोक नकळत वाचू लागतात. विज्ञानाला तर हे जास्तच लागू. ‘अपवर्तन’ आणि ‘अपस्करण’ कानाने वेगळे ओळखायला शांतता लागते, आणि ती भिवंडीत फक्त वीज गेल्यावर मिळते. तेव्हा टीव्हीही बंद असतो.

०

मुलाला विज्ञान ‘कळले’ हे ओळखायचे कशावरून? ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी विज्ञानात मुख्यतः तीन गोष्टी बघत आली: घटनेचे शास्त्रीय स्पष्टीकरण देता येते का, एखादी तपासणी नीट आखली आहे की नाही हे जोखता येते का, आणि आकडे-पुरावे वाचून त्यातून निघेल तेवढाच निष्कर्ष काढता येतो का. २००९च्या फेरीत आपल्याकडून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश बसले, यादीच्या तळाशी आले. त्यानंतर आपण त्या चाचणीला बसलेलो नाही.

आपल्या बहुतेक डिजिटल पाठांचा भर पहिल्या गोष्टीवर, आणि स्पष्टीकरण देणार पडदा, मूल नाही. बालभारतीच्या पुस्तकात निदान ‘जरा डोके चालवा’ अशी चौकट असते आणि तिच्याखाली उत्तर छापलेले नसते. व्हिडिओत प्रश्न येतो, तीन सेकंद टिकटिक होते, उत्तर हजर. तीन सेकंदांत डोके चालत नाही. फार तर हलते.

०

नववीच्या मुलांनी लूमचा आवाज मोजायचे ठरवले. दोन मोबाइल, दोन्हींत तेच फुकटचे डेसिबल ॲप. शाळेच्या दारात एक दाखवतो ७८, दुसरा ८५. वर्गात लगेच दोन पक्ष. महागडा मोबाइल खरा असणार, हा पहिला सिद्धांत. मांडणारा अर्थातच त्या मोबाइलचा मालक. मग एकीने सुचवले, दोन्ही बरोबर घेऊन कारखान्याच्या दारात जाऊ. तिथे ९१ आणि ९८. शाळेमागच्या मोकळ्या जागेत ६३ आणि ७०. फळ्यावर तीन जोड्या लिहिल्या आणि मुले बराच वेळ नुसती बघत राहिली.

खरा आकडा कुणाचा, हे कळायला मार्ग नाही. पण शाळेच्या दारापासून कारखान्याच्या दारापर्यंत तेरा वाढले, यावर दोन्ही मोबाइलांचे एकमत. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते; मग तेरा म्हणजे साधारण वीसपट. आणि आणखी एक: कारखान्यात आठ तासांसाठी आपल्याकडे ९० डेसिबलची मर्यादा धरतात. कुठलाही मोबाइल खरा माना, कारखान्याचे दार मर्यादेच्या बाहेरच. आत तर जाऊच नका. उपकरण चुकत असतानाही एखादी गोष्ट ठामपणे म्हणता येते, आणि किती ठामपणे तेही सांगता येते, हे मुलांच्या हाती लागले. कुठल्याही तयार पाठात मी हे पाहिलेले नाही, कारण तयार पाठातली उपकरणे चुकत नाहीत.

ज्याचा बाप रोज बारा तास तिथे उभा असतो, त्याने विचारले, ‘सर, आठ तासांची मर्यादा म्हणजे पुढचे चार तास कुणाचे?’

०

वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांच्या नवसाचे. वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन हा तो नवस. १७३९ साली वसई घेतली. देवळापासून थोड्या अंतरावर, तानसा नदीच्या काठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडे, पलीकडे गणेशपुरीची. सगळे भिवंडी तालुक्यातच. भिवंडीतले शाळकरी पोर एकदा तरी तिथे अंघोळ करून आलेले असते. राक्षसाच्या रक्तामुळे पाणी गरम, ही कथाही प्रत्येकाला पाठ.

तर गरम झऱ्यांवरचा एक व्हिडिओ. आठेक मिनिटांचा, चित्रण झकास. आइसलँडमधले उसळते कारंजे, धुमसता ज्वालामुखी, खाली तांबडा शिलारस. संपल्यावर बाईंनी विचारले, आपल्या अकलोलीचे पाणी गरम का? सगळ्या वर्गाचे एकमुखी उत्तर: खाली ज्वालामुखी आहे. एकाने भर घातली: सह्याद्रीचा दगड लाव्ह्याचाच, तो अजून आतून थंड झालेला नाही.

आता हा दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. निवायला एवढा वेळ पुरे. अकलोलीखाली ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, जमिनीत जसजसे खाली जावे तसा दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्मा वाढतो, तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. पालघरच्या सातिवलीपासून पार राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची माळ आहे. व्हिडिओत सांगितलेले एकही वाक्य खोटे नव्हते. पण तो पाहून मुले जिथे पोचली ते ठिकाण चुकीचे होते. राक्षसाच्या जागी ज्वालामुखी आला एवढेच. तपासले दोन्ही नाहीत.

पुढच्या रविवारी काही मुले घरच्यांबरोबर गेली. एकीने तापाचा डिजिटल थर्मामीटर पाण्यात धरला. पडद्यावर आकडाच नाही, नुसते ‘एच’. बिघडला म्हणून आईचा ओरडा खाल्ला. बिघडलेला नव्हता. तापाच्या थर्मामीटरची मजल ४२च्या आसपास संपते, त्याच्या वर तो ‘जास्त आहे’ एवढेच सांगून गप्प बसतो. प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर नेल्यावर एका कुंडात ४७ भरले. गावातल्या विहिरीचे पाणी २७. फरक वीस अंशांचा. मग फळ्यावर भागाकार: पाणी किती खोल जाऊन आले असेल? पाऊण किलोमीटर तरी. वर येता येता ते थोडे निवले असणार, म्हणजे त्याहून खोलच.

हा पाठ बनवणे अवघड नाही. आधी प्रश्न, मग पडदा थांबवणे, मुलांचे अंदाज वहीत, मग विहीर आणि कुंडाचे आकडे, आणि आइसलँड सगळ्यात शेवटी, ‘तिथले कारण वेगळे का?’ या प्रश्नासाठी. चित्रफीत तीच. फक्त पॉज कुठे करायचा ते ठरवायला इथला माणूस हवा.

०

सिडनी विद्यापीठात डेरेक मुल्लर नावाच्या संशोधकाने २००८ मध्ये पीएच.डी.साठी, स्वच्छ व्हिडिओ पाहून चुकीची समजूत जाते का, नेमके हे तपासले होते. (हाच पुढे यूट्यूबवर ‘व्हेरिटेसियम’ म्हणून गाजला.) एका गटाला स्वच्छ, सोपा, नीटस समजावणारा व्हिडिओ. दुसऱ्या गटाला असा व्हिडिओ, ज्यात एक पात्र नेहमीच्या चुकीच्या कल्पना बोलून दाखवते आणि त्यावर वाद होतो. पहिला गट म्हणाला, छान, समजले. आणि चाचणीत जवळजवळ होता तिथेच राहिला. दुसरा गट म्हणाला, गोंधळ झाला. आणि तोच पुढे गेला.

‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गातून येणाऱ्या ‘होऽऽ’ची किंमत तेव्हापासून माझ्या लेखी बरीच उतरली आहे.

०

कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातली सिम्युलेशने मला मनापासून आवडतात. २००२ साली कार्ल वाइमन यांनी तो सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकीचे नोबेल मिळाले होते. फुकट, डाउनलोड करून ठेवली तर नेटशिवाय चालणारी, आणि पुष्कळशी मराठीतही. विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरीची दोन टोके नुसत्या वायरने जोडली की आग लागते. मुले पहिला अर्धा तास फक्त आगी लावतात. लावू द्याव्यात. खऱ्या वर्गात ही चैन परवडत नाही.

पण तिथेच थांबलो तर घात. दुसऱ्या दिवशी खरा सेल, खरा बल्ब आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणलेली तांब्याची तार दिली. आदल्या दिवशी पडद्यावर बल्बच्या माळा पेटवणाऱ्या एकाचाही दिवा लागेना. ‘सर, सेल फ्रॉड आहे.’ सेल ठीक होता. तारेवर वार्निशचा थर होता, तो खरवडायला हवा, हे सिम्युलेशनमध्ये कुठून येणार? शेवटी दिवा लावला तो घटक चाचणीत कायम काठावर पास होणाऱ्या मुलाने. त्याचा काका लूमचा जॉबर, म्हणजे लूम जुळवणारा-दुरुस्त करणारा. या पोराने सेल बदलून पाहिला, नाही. बल्ब बदलला, नाही. तार बदलली, नाही. मग म्हणाला, मग तिन्ही नीट आहेत, गडबड जोडात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे: हा नियम त्याला कुणी शिकवला नव्हता. मुंबईचे सी-डॅक आणि अमृता विद्यापीठ यांच्या ‘ओलॅब्स’मधल्या आभासी प्रयोगशाळेतही प्रयोग सुबक आहेत, पायऱ्या नेटक्या. या मुलासाठी तिथे एक बटण असते तर बरे झाले असते: ‘यात काहीतरी बिघडवून द्या’.

०

पाठांच्या ॲपवर हिरवी बरोबरची खूण. पाठ ‘शंभर टक्के पूर्ण’. दुप्पट वेगाने चालवला, मोबाइल चार्जिंगला लावून पोरगा खेळायला गेला, तरी शंभर टक्के. शिक्षकांचेही फार वेगळे नाही. प्रशिक्षणाची लिंक, मग प्रमाणपत्राची लिंक, मग प्रमाणपत्र मिळाल्याची माहिती भरायची लिंक. ‘आज सायंकाळी ५ पर्यंत तात्काळ.’ तात्काळ आणि ५ पर्यंत यांतले नक्की काय, असे एका बाईंनी ग्रुपवर विचारले, तेव्हा कुणीतरी हात जोडल्याचे चित्र टाकले.

०

यंत्रे आली-गेली, त्याची थोडी नोंद.

२००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाला हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप मिळाला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला तो सुरुवातीचा प्रयोग. देशोदेशीचे पाहुणे येऊन गेले. देशाने मात्र तो मार्ग धरला नाही.

शहापूर तालुक्यातले पष्टेपाडा तर आमच्या शेजारचेच. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी टॅबवर वर्ग चालवून दाखवला आणि राज्यभरातले शिक्षक ‘डिजिटल शाळा’ बघायला पाड्यावर येऊ लागले. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर तर लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर घेण्याची गावोगाव लाटच आली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड चिकटवले. पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांत छापून येऊ लागले आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले.

या कथांत यंत्राचे फोटो जास्त छापून येतात. पण पष्टेपाडा काय, परितेवाडी काय, दोन्हीकडे यंत्राच्या आधी एक खटपट्या शिक्षक होता, आणि आपल्या मुलांचे नेमके कुठे अडते हे त्याला ठाऊक होते. शासन निर्णयाने टीव्ही पोचवता येतो. खटपट पोचवायची कशी, हे कुठल्याच निविदेत बसत नाही.

टीव्ही आल्यावर विजेचे बिलही येते. ते भरायचे कुणी, यावरून जिल्हा परिषदांच्या शाळांचे मीटर निघतात, ही बातमी दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून असतेच.

०

संगणकाने शिकून खरोखर फरक पडला, असे नीट मोजलेले उदाहरण हवे तर दिल्लीतला ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा प्रयोग. मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत मुले स्पष्ट पुढे गेली. कारण साधे आहे: सातवीतल्या मुलाला चौथीचे येत नसेल तर संगणक चौथीपासून सुरू करायचा, आणि जोडीला शिकवणारा माणूसही होता. आपला स्मार्ट टीव्ही सातवीतल्या सगळ्यांना सातवीचेच दाखवतो. फळाही तेच करत होता, आणि त्याला वीज लागत नव्हती.

०

भिवंडीत शाळा मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा माध्यमांच्या. पद्मानगरातल्या पद्मशाली घरांत तेलुगू, मोमीन मोहल्ल्यात उर्दू, गावांकडे आगरी बोली, आणि कारागिरांच्या खोल्यांत भोजपुरी-अवधी. बालभारतीची पुस्तके या शाळांना आपापल्या माध्यमात मिळतात, ही मोठीच गोष्ट. डिजिटल पाठांची गंगा मात्र इंग्रजी-हिंदीत दुथडी वाहते, मराठीत गुडघाभर, उर्दूत त्याहून कमी, आणि तेलुगूच्या मुलांसाठी हैदराबादकडून येईल ते. त्यातला अभ्यासक्रम त्यांच्या पुस्तकाशी जुळेलच असे नाही.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले, तेव्हा सुरुवातीच्या काळात त्यांनी हात घातला तो जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या प्राथमिक शाळांत. मुलांचे विज्ञान कच्चे दिसते तिथे पुष्कळदा पुस्तकाच्या भाषेचा अडसर असतो, हे केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून सांगत आले. आज तीच अवघड वाक्ये सुरेल आवाजात ऐकू येतात. ‘पदार्थाच्या एकक वस्तुमानाचे तापमान एक अंशाने वाढवण्यासाठी आवश्यक असणारी उष्णता’ हे वाक्य पार्श्वसंगीताने सोपे होत नाही. मातीची घागर आणि लोखंडी पिंप उन्हात शेजारी ठेवून हात लावायला सांगितले की निदान बोलणे सुरू होते.

०

कामवारी नदी. सातवी-आठवीत ‘दर्शक’ येतो: आम्लात हा रंग, आम्लारीत तो रंग. डिजिटल पाठात ड्रॉपरने थेंब पडतो आणि कागद झर्रकन रंग बदलतो. मुलांनी हळदीच्या पाण्यात वहीचे कागद बुडवून, वाळवून, पट्ट्या केल्या. साबणाच्या पाण्यात लाल, लिंबात पिवळ्याच. इथवर पुस्तकाप्रमाणे. मग बाटलीतून नदीचे पाणी आणले. पट्टी बुडवली तर करड्या-जांभळ्या रंगाची. आम्ल की आम्लारी? दोन्ही नाही, नदीच्या पाण्याला स्वतःचाच रंग! डाइंगचे पाणी वरच्या अंगाला कुठेतरी मिसळले असणार.

मग पाणी आधी गाळायचे का? रंग विरघळलेला असेल तर गाळून जाईल का? कोळशाच्या भुकटीतून काढले तर जाईल, पण कोळशातली राख स्वतःच आम्लारीधर्मी असते, मग पट्टी लाल झाली तर ती नदीमुळे की राखेमुळे? हा शेवटचा प्रश्न एका मुलीने विचारला तेव्हा तास संपायला पाच मिनिटे होती. उत्तर बाईंनी दिले नाही. ‘साध्या नळाच्या पाण्यावर आधी करून बघ,’ म्हणाल्या. तुलनेसाठी कोरा नमुना ठेवायचा असतो, हे याहून चांगले शिकवता येईल असे मला वाटत नाही.

०

नोव्हेंबर २०२२. मुंबईत गोवंडीला गोवर उसळला, पाठोपाठ भिवंडी आणि मालेगाव. मुले दगावली. त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होते ते आठवते: लस घेतली की ताप येतो म्हणजे लसच आजार देते, आमच्या लहानपणी गोवर सगळ्यांना येत होता, कोण मेले? दुसऱ्या वाक्यातली चूक पकडायला वैद्यकशास्त्र लागत नाही. विचारणारे सगळे जगलेले आहेत, एवढे लक्षात यायला हवे. मेलेले मत द्यायला येत नाहीत.

गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना लागण देतो, म्हणून शंभरातल्या पंच्याण्णवांना लस हवी. पंच्याण्णव का, नव्वद का नाही, हे आकड्यांनी समजावणे मोठ्यांना जड जाते. पण पडद्यावर शंभर ठिपके, त्यांतले काही निळे म्हणजे लसवाले, एक लाल सोडला की कसा पसरतो, निळे वाढवत नेले की कुठे अडतो, हे पाचवीतले मूलही खेळून बघते. इथे डिजिटल पाठाला तोड नाही. हा प्रयोग हाताने करता येत नाही आणि करूही नये. माझे मत विचाराल तर भिवंडीच्या प्रत्येक शाळेत, चारही भाषांत, पहिला पाठ हा हवा. पुष्कळ घरांत लसीकरणाचे कार्ड वाचू शकणारी व्यक्ती म्हणजे आठवी-नववीतली मुलगीच असते. धाकट्या भावाचा दुसरा डोस कधीचा, हे तीच आईला सांगते.

०

मोबाइल घरात आहे, पण बाबांचा. बाबा पाळीवर, मोबाइल पाळीवर. रात्री आठ ते नऊ हा अभ्यासाचा तास, त्यात भावंडे तीन. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी मागच्या आठवड्यात मोबाइल अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. आकडे खेड्यांतले असले तरी शहरातल्या चाळीत फार वेगळे असतील असे वाटत नाही. उगाच हळहळ नको. जे रील पाहतात त्यांनाच एक रील द्यावे आणि विचारावे: यात प्रयोग आहे की जादू? कुठे कापले आहे? मुले कापाकापी आपल्यापेक्षा लवकर ओळखतात, कारण स्वतः करतात.

०

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ नावाचे ॲप आहे, फुकट. मोबाइलमधले संवेदक वापरून वेग, आवाज, चुंबकत्व मोजते. ते चालू करून मोबाइल लूमजवळच्या बाकावर ठेवला. धोटा आपटला की आलेखावर शेंडी. दहा सेकंदांत वीस शेंड्या. म्हणजे मिनिटाला १२०. कारागीर म्हणाला, दीडशे असणार. जॉबर म्हणाला, एकशेवीसच, पुली मीच बसवलीय.

मग मुलांनी मांडले: मिनिटाला १२० धागे, तासाला ७,२००, बारा तासांच्या पाळीत ८६,४००. (दिवसाचे सेकंदही तेवढेच. यावर पाच मिनिटे गेली, जाऊ दिली.) कापड इंचाला ४४ पिकचे (आडव्या धाग्यांचे), म्हणजे भागिले ४४, १,९६४ इंच, जवळजवळ ५० मीटर. एका लूमला एका पाळीत ५० मीटर निघायला हवे. कारागिराच्या वहीत त्या आठवड्याची सरासरी ३९.

अकरा मीटर गेले कुठे? मजुरी मीटरवर, तेव्हा हा प्रश्न वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचा. यादी झाली: ताण्याचा धागा तुटतो, कांडी संपते, वीज जाते, जेवण, चहा, नमाज. धागा किती वेळा तुटतो? इथे कारागिराने असे सांगितले जे पुस्तकात नव्हते: सुती असेल तर कोरड्या हवेत जास्त तुटतो, पावसाळ्यात कमी. मुलांना हे उलटे वाटले. भिजले की कागद फाटतो, मग सूत मजबूत कसे होईल? पण सुताचे तसेच आहे, ओल धरली की ताकद वाढते. म्हणून तर जुन्या कापडगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवत.

आता ठरले आहे की तीन कारखान्यांत, रोज एकाच वेळी, धागा किती वेळा तुटला याच्या रेघा ओढायच्या आणि शेजारी त्या दिवसाची हवेतली आर्द्रता मोबाइलवरून उतरवायची. आर्द्रता वेधशाळेची, म्हणजे बाहेरच्या हवेची. कारखान्यातली वेगळी असणार, हा आक्षेप आधीच नोंदवून झाला आहे. ओल्या-कोरड्या थर्मामीटरची जोडी लावावी असा प्रस्ताव आहे, थर्मामीटर एकच आहे. एका मालकाने परवानगी दिली, एकाने ‘कामगार खात्याचे नाही ना?’ म्हणून विचारले, तिसऱ्याला आकडे मिळाल्यावर आधी बघायचे आहेत. आणि नोंदी लागतील त्या एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांतल्या. तेव्हा शाळेला सुट्टी, आणि निम्मी मुले गावी, आजमगढ, बस्ती, करीमनगरला. उरलेल्या निम्म्यांत तीन कारखाने वाटायचे आहेत. जॉबरच्या पुतण्याने दोन घेतले.